पंचा, उपरणं आणि आमचे मालक

हैदराबादेतल्या चिक्कडपल्लीच्या आमच्या घरमालकांना लग्नाचं आमंत्रण द्यायला लोक घाबरायचे. माणूस भांडकुदळ नव्हता. जेवणाला नावं ठेवायचीही सवय नव्हती. उलट आचाऱ्याला शोधून काढून शाबासकी द्यायचे. भीती वेगळीच होती. उन्हाळ्यातल्या लग्नात कोण पुरुष काय घालून आलाय ते बघत ते मांडवभर फिरायचे, आणि बघून गप्प बसणं त्यांना जमायचं नाही. "क्या जी, तब्येत बरी नाही का?" कोट घातलेल्या पाहुण्याला ते काळजीनं विचारायचे. तो बिचारा म्हणायचा, बरी आहे की. "मग असं रजई गुंडाळून का बसलात?"

आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो, मी शाळेत होते तेव्हापासून. सगळे त्यांना मालकच म्हणायचे, त्यांची बायकोसुद्धा. घराणं जुनं, शहरातलं. आजोबा-पणजोबा सरकारी नोकरीत, हे स्वतः दिवाणी कोर्टात वकील. बोलणं अर्धं मराठी, अर्धं दखनी, आणि राग आला की तेलुगू. आम्ही मूळचे तिकडं बिदरकडचे शेतकरी. पप्पांना सरकारी खात्यात नोकरी लागली म्हणून हैदराबादचे झालो. आमचं मराठी त्यांना गावंढळ वाटायचं आणि त्यांचं आम्हाला मराठीच वाटायचं नाही, पण पाणी एकाच टाकीतलं असल्यामुळे रोज बोलावं लागायचं.

पाहुण्याच्या कपड्यांबद्दल त्यांचं एकच म्हणणं होतं. "लग्नात पाहुण्याचं काम काय? बसणं. शेवटची पंगत उठेपर्यंत बसणं. कपडा असा घाला की बसवलं पाहिजे. घाम आलेला माणूस अक्षता टाकतो आणि स्कूटर शोधत सुटतो." त्यामुळं मार्च संपला की त्यांच्या लेखी कोट बंद, शेरवानी बंद, टेरिकॉट तर बारा महिने बंद. सुती पंचा, म्हणजे तिकडचं धोतर, नाहीतर सैल पायजमा. वर मलमल. रंग पांढरा, नाहीतर दुधाळ. पायात चपला. "मोजे कशाला? पायाला काय लाज वाटते का?" अत्तर लावायचंच तर खसाचं, तेही कानामागं. घाम फक्त नवरदेवाला आलेला चालेल म्हणायचे, कारण तो घाबरलेला असतो. बायकांबद्दल मात्र अवाक्षर काढायचे नाहीत. एकदा मी विचारलंच, तर म्हणाले, "साडीचं बरं असतं, हवा खेळते." जरीचा शालू नेसून मे महिन्यात होमापुढं बसा एकदा, मग कळेल कुठली हवा कुठं खेळते ती! पण हे मी मनात म्हटलं.

कोटावरचा राग कुठून आला होता ते उघडच होतं. सगळा जन्म काळ्या कोटात गेला होता. "मे महिन्यात काळा कोट घालून उभं केलं की माणूस खरं बोलायच्या लायकीचा राहत नाही," असं ते स्वतःच्या धंद्याबद्दल सांगायचे. वकिली सोडली त्या दिवशी घरी येऊन त्यांनी तो कोट कुत्र्याला बसायला घातला. कुत्रं बसलं नाही. हे ते अभिमानानं सांगायचे.

आमचा जिना त्यांच्या ओसरीत उतरायचा आणि तिथंच त्यांची वेताची खुर्ची. म्हणजे लग्नाला निघालेला कुठलाही पुरुष तपासणी झाल्याशिवाय रस्त्याला लागायचा नाही. माझा चुलतभाऊ हायटेक सिटीत नोकरीला. एकदा रिसेप्शनला जायचं म्हणून मखमली जाकीट घालून आमच्याकडं आला. मालकांनी त्याला जिन्याच्या शेवटच्या पायरीवर अडवलं. "काढ." तो म्हणाला, "अंकल, हॉलला एसी आहे." "एसी हॉलला आहे. हॉलपर्यंत रिक्षा आहे. काढ." शेवटी काढलं त्यानं. मग कळलं की जाकिटाखाली दिसत नाही म्हणून पठ्ठ्यानं शर्टाची नुसती कॉलर आणि पुढची पट्टी इस्त्री केली होती. बाकी शर्ट म्हणजे नुसता बोळा. मालकांनी त्याला वरून खालून बघितलं आणि म्हणाले, "चालेल. सुरकुत्यातून वारा येतो." तो तसाच गेला. आज त्याला दोन मुलं आहेत, पण अजून मालकांचं नाव काढलं की शर्टावरून हात फिरवतो.

स्वतः ते कडक पांढरा पंचा, पांढरी बंडी आणि खांद्यावर जरीकाठाचं उपरणं अशा थाटात निघायचे. पंचा तेलुगू पद्धतीनं, सरळ पायघोळ सोडलेला. आपल्याकडं मागं काष्टा खोचतात, तसा नाही. त्यापायी एकदा मजा झाली. शेजारच्या तेलुगू घरातलं लग्न, हॉल सिकंदराबादला. इथं पांढऱ्या पंच्यात, पोट पुढं काढून, सगळ्यांकडं रोखून बघत कोण फिरतं? पुढारी. मुलाकडच्यांनी यांना पुढारी समजून हार घातला आणि पहिल्या रांगेत सोफ्यावर बसवलं. एक म्हातारी येऊन गल्लीतल्या तुंबलेल्या गटाराचं गाऱ्हाणं सांगायला लागली. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बाई, मी तो नव्हेच. मालकांनी सगळं ऐकून घेतलं, गल्ली कुठली ते विचारलं, आणि पुढचे कित्येक दिवस महापालिकेच्या ऑफिसात जाऊन साहेबाचं डोकं खाल्लं. गटार साफ झालं. "हार घातला होता ना त्यांनी," एवढंच म्हणाले.

आणखी एक खोड होती, आणि ती सगळ्यात वाईट. दुसऱ्याच्या अंगावरचा कपडा नीट करायची. कुणाचं उपरणं घसरलेलं दिसलं की हे उठलेच. अनोळखी असो, मंत्र चालू असोत, फोटो निघत असो, मधे घुसून ते चुण्या सारख्या करायचे, खांद्यावर थापटायचे आणि परत जागेवर येऊन बसायचे. मालकीणबाई डोक्याला हात लावायच्या. "ह्यांना लग्नात आणणं म्हणजे लहान मूल आणणं," म्हणायच्या. लोक हसायचे. हळूहळू आमंत्रणं कमी झाली. त्यांच्या ते लक्षात आलं होतं, कारण एप्रिलमध्ये ते पोस्टमनला हाक मारून विचारायला लागले होते.

तर असा हा माणूस. आणि माझं लग्न ठरलं मे महिन्यात.

त्याच्या आदल्या वर्षी पप्पांना अर्धांगवायू झाला होता. जीव वाचला, बोलणं परत आलं, पायही बराच सुधारला. थोडा ओढत चालायचे. उजवा हात मात्र गेला तो गेलाच. खांद्यापासून नुसता लोंबायचा. पप्पा मूळचे मोठे नेटके. ऑफिसला जाताना दाराशी उभं राहून भांग बघणारे. त्या हातापायी त्यांनी लोकांत जाणंच सोडलं. कुणी आलं की हात मांडीवर घेऊन वर पेपर पसरायचे. पुण्याच्या माझ्या सासरच्यांना आम्ही एवढंच सांगितलं होतं की आजारी होते, आता बरे आहेत. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. पप्पांनीच आईला निक्षून सांगितलं होतं, माझ्या हाताचा विषय काढायचा नाही.

लग्नासाठी त्यांनी सूट काढला. तपकिरी रंगाचा, आजारपणाआधी हौसेनं शिवलेला, "पोरीच्या लग्नात घालीन" म्हणून जपून ठेवलेला. एका दुपारी आई तो त्यांना घालून बघत होती. डावा हात गेला. उजवा जाईना. आईनं मनगट धरून ओढलं, कोपर वाकवलं, पप्पा कळवळले. अस्तर टर्रकन उसवलं. मी दारात उभी होते. पप्पा अर्धा कोट घातलेले, एक बाही मागं लोंबतेय, तसेच पलंगावर बसले आणि म्हणाले, "राहू दे. कन्यादानाला धाकट्याला बसव. मी आत खोलीत बसतो."

धाकटा म्हणजे माझे चुलते. मला तर वाटलं, मरो ते लग्न. बाप खोलीत दार लावून बसलाय आणि बाहेर माझं कन्यादान दुसराच कुणी करतोय, असलं लग्न करून मी काय करू?

आणि नेमके त्याच वेळी मालक आले. पाण्याची मोटर कुणी चालू ठेवली म्हणून ओरडायला जिना चढून आले होते. माझ्या खांद्यावरून त्यांनी आत बघितलं. पप्पांना, त्या कोटाला, आईला. आणि म्हणाले काय? "मे महिन्यात सूट? डोकं फिरलंय का तुमचं सगळ्यांचं?" एवढं बोलून खाली निघून गेले. मोटरचा विषयही काढला नाही. असा संताप आला मला! हाताशी असतं तर काहीतरी फेकून मारलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जो धुमाकूळ घातला त्याला तोड नाही. आधी आमच्या लग्नाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये स्वतःला घालून घेतलं. मग व्हॉइस मेसेज. सकाळी एक, दुपारी एक, जेवणानंतर एक. "मुलीकडच्या सर्व पुरुषांनी ऐकावं. पंचा, बंडी, उपरणं. पँट दिसली तर गेटवरून परत पाठवीन." कुणी दाद देईना, तेव्हा ते घरोघर फिरले. तारनाक्याला माझ्या चुलत्यांकडं गेले. चुलत्यांनी नवा ब्लेझर आणला होता आणि त्यांना तो फार आवडला होता. मालक त्यांच्या दिवाणखान्यात जेवायच्या वेळेपर्यंत बसून राहिले. वकील माणूस, बोलून बोलून समोरच्याला दमवायचं शिक्षणच घेतलेलं. शेवटी काकूनंच ब्लेझर कपाटात टाकला आणि म्हणाली, "हौ म्हणा आणि घालवा त्यांना." सिकंदराबादच्या माझ्या मामांना तर त्यांनी रेल्वेच्या ऑफिसात गाठलं, सगळ्या स्टाफसमोर.

सुलतान बाजारातून पंच्यांचे गठ्ठे आले. बिनबाह्यांच्या बंड्या शिवून आल्या, सगळ्यांना एकाच मापाच्या, ढगळ. घरोघरी शिव्या सुरू झाल्या. आई वैतागून म्हणाली, "लग्न आपलं का ह्यांचं?" आणि रोज संध्याकाळी मालक वर येऊन पप्पांच्या खोलीत शिरायचे, दार लावून घ्यायचे. आतून त्यांचा आवाज यायचा: "तुम्ही मुलीचे वडील. तुम्हालाच नेसता आलं नाही तर बाकीच्या गाढवांना कोण शिकवणार?"

एके दिवशी जेवताना पप्पा भाताकडं बघत म्हणाले, "मालकांनी लई डोकं खाल्लं. कन्यादानाला मीच बसतो म्हटलं." आईच्या हातातली वाटी कलंडली. मला वाटलं, बरं झालं, म्हाताऱ्याच्या कटकटीला कंटाळून का होईना, पप्पा तयार झाले. मला खरंच एवढंच वाटलं.

हॉल तारनाक्याला होता. हॉल कसला, बागेत टाकलेला मांडव. एसीचा प्रश्नच नव्हता, चार बाजूंनी कूलर, तेही गरम वाफा सोडणारे. मुलीकडचे सगळे पुरुष झाडून पांढऱ्या पंच्यात आले होते. ढेरीवाले, हडकुळे, माझा तो हायटेक सिटीवाला भाऊसुद्धा. सगळ्यांची उपरणी दोन्ही खांद्यांवरून पुढं सोडलेली. त्यांच्यात पप्पा उभे होते. उजवा हात उपरण्याखाली गेला होता आणि कुणाच्या लक्षातही येत नव्हता. वर्षभरानं मी त्यांना माणसांत उभं असलेलं बघत होते.

पुण्याची मंडळी गाड्यांतून उतरली ती सुटाबुटात. नवरदेवाचे मामा सगळ्यात पुढं, निळा थ्री-पीस, रुमालानं मान पुसत. त्यांनी आमच्या रांगेकडं बघितलं आणि जागच्या जागी थांबले. "हे काय? अख्खं मुलीकडचं घर लुंगीवर?"

आता पुण्याच्या माणसाला काष्टा नसलेला पंचा लुंगीच वाटणार, त्यात त्यांचा दोष नाही. मालक पुढं झाले. "लुंगी नव्हे जी. पंचा आहे. आमच्याकडं मंत्री हेच नेसून शपथ घेतो."

"आमच्याकडं हे नेसून झोपतात!" मामांचा आवाज चढला. "आम्ही एवढ्या लांबून नटूनथटून यायचं आणि ह्यांनी घरात वावरतात तसं उभं राहायचं? मान ठेवायची पद्धत आहे की नाही? बदलायला सांगा सगळ्यांना. निदान मुलीच्या वडलांना तरी. बाप आहे तो मुलीचा!"

पप्पांचं तोंड उतरलं. मी आत खिडकीशी मुंडावळ्या बांधून बसले होते, तिथून सगळं दिसत होतं. पप्पांनी पाय मागं घेतला आणि खोलीच्या दिशेनं वळले.

तेवढ्यात मालकांनी हात जोडले. त्या माणसानं आयुष्यात कुणाची माफी मागितलेली मी बघितली नव्हती. चूक झाली तर ते आवाज आणखी चढवायचे. ते त्या निळ्या सुटासमोर वाकून म्हणाले, "साहेब, खूळ सगळं माझं आहे. मी घरमालक. ह्या लोकांना मी जबरदस्तीनं नेसवलंय, विचारा कुणालाही. चुकलं माझं. काय शिव्या द्यायच्या त्या मला द्या, सगळ्या द्या. पण आता मुहूर्त जवळ आलाय, कपडे बदलायला वेळ नाही."

"हौ हौ, ह्यांचंच खूळ," माझे चुलते घाईनं म्हणाले. इतक्या दिवसांचा राग होता, मनापासून म्हणाले. मांडवात हशा पिकला. माझे सासरे पुढं येऊन मामांचा दंड धरून म्हणाले, "चल, आधी पन्हं घे." मामा धुसफुसत गेले. मालक मागं फिरले आणि जाता जाता पप्पांच्या पाठीवर हात ठेवून त्यांना मांडवाकडं घेऊन आले.

अक्षता पडल्या. कन्यादानाला आम्ही समोरासमोर बसलो. खाली नवऱ्याची ओंजळ, तिच्यावर माझी, आणि माझ्या ओंजळीवर पप्पांनी आपली ओंजळ धरायची, आईनं वरून पाण्याची धार सोडायची. गुरुजी म्हणाले, "वडलांनी दोन्ही हात पुढं घ्यावेत." पप्पांचा डावा हात आला. आईनं झारी धरली होती, तिचे हात अडकलेले. माझे हात नवऱ्याच्या हातांवर. पप्पा माझ्याकडं बघत होते. "दोन्ही हात," गुरुजी परत म्हणाले, आता जरा मोठ्यानं.

"अरे, उपरणं! उपरणं घसरलं!" पाठीमागून मालक ओरडले आणि माणसं ओलांडत थेट चौरंगापाशी आले. पप्पांच्या उजव्या अंगाला गुडघे टेकून बसले आणि उपरण्याच्या चुण्या करायला लागले. लोक हसले. मालकीणबाई लांबून म्हणाल्या, "अहो, आता तरी!" मी समोर होते, म्हणून मला दिसलं. उपरण्याखालून मालकांचा हात पप्पांच्या कोपराखाली गेला. तिथून मनगटाखाली. हळूहळू तो लोंबणारा हात वर आला, पुढं आला आणि डाव्या हाताला येऊन टेकला. माझ्या ओंजळीवर ओंजळ आली. तिच्याखाली, उपरण्याच्या काठाआड, मालकांची बोटं होती.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चुलत्यांचा ब्लेझर, बिनबाह्यांच्या बंड्या, दार लावून चाललेली शिकवणी, ते घरोघर शिव्या खात फिरणं. एकटे पप्पा पंच्यात बसले असते तर लोकांनी विचारलं असतं, का? म्हणून ह्या माणसानं सगळ्यांनाच नेसवलं होतं.

आईनं धार सोडली. संकल्प लांबलचक, गुरुजी गोत्रं आणि पिढ्या सांगताहेत. मालकांचं वय झालेलं, त्यांनी उपरण्याखाली दुसऱ्या हाताचाही टेकू दिला. पाणी माझ्या मनगटावरून शालूवर ओघळत होतं. पलीकडून नवरदेवाचे मामा चिडून म्हणाले, "अहो, सोडा आता ते उपरणं! कन्यादान चाललंय इथं!"

"नीट बसत नाहीये जी," मालक मान वर न करता म्हणाले. "मंत्र संपू द्या, मग सोडतो."

माझे सासरे नवरदेवाच्या मागंच उभे होते. ते जरासे वाकले, आमच्या हातांकडं बघितलं आणि मामांना हळू आवाजात म्हणाले, "गप्प बस."

गुरुजींनी सांगितलं तसं पप्पा बोलले. आजारापासून त्यांचे शब्द जरा घसरायचे, पण त्या वेळी एकेक शब्द स्वच्छ आला, माझं नाव घेतलं तेव्हा तर सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. मला रडू आवरेना. हुंदके देऊन रडले. माझी काकू जवळ येऊन डोळे पुसत म्हणाली, "होतंच असं पोरी, बापाचं घर सोडायचं म्हणजे." मी मान हलवली. पाणी अजून पडत होतं आणि मालकांनी हात सोडला नव्हता.